शनिवारी सुट्टी असलेली शाळा

कोल्हापूरच्या दसरा चौकात उभं राहून एकदा चहूकडे नजर फिरवली, तर इतर गावांत सहसा न दिसणारी एक गोष्ट दिसते. इथं मुस्लिम बोर्डिंग आहे, जैन बोर्डिंग आहे आणि मधोमध राजर्षी शाहू महाराजांचा पुतळा आहे. दर दसऱ्याला याच मैदानात अंबाबाईची पालखी येते, शमीपूजन होतं आणि सारं गाव सोनं लुटतं. मी राधानगरी तालुक्यातल्या खेड्यातून शिकायला आलो, तो अशाच एका बोर्डिंगात राहिलो. त्यामुळे एका समाजाची मुलं एकत्र राहतात, त्यांचं जेवणखाण, त्यांचे सणवार एकत्र होतात, याचं मला कधी नवल वाटलं नाही. आज मात्र मी सांगणार आहे ते कोल्हापूरच्या बोर्डिंगाविषयी नाही. मुंबईच्या माझगावातली एक शाळा आहे, तिच्याविषयी. आज तिचं नाव सर एली कदूरी शाळा. मूळ नाव इस्राएली शाळा. मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांनी, म्हणजे बेने इस्राएल समाजानं, आपल्या मुलांसाठी १८७५ साली ती काढली.

या शाळेचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते माझ्याच एका चुकीमुळे. ती चूक आधी सांगतो.

१९७२ साली मी मुंबईच्या एका शाळेत नवखा शिक्षक होतो. गौरी-गणपतीची सुट्टी संपून शाळा उघडली, त्याच सोमवारी मी आठवीच्या वर्गाची चाचणी ठेवली होती. सुट्टीआधी वर्गात तसं सांगितलं, तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. आडनावाच्या शेवटी ‘कर’, तोंडात आपल्यासारखीच मराठी. म्हणाला, “सर, त्या दिवशी आमचा दारफाळणीचा सण आहे. मी येणार नाही.”

दारफाळणी! हा शब्द मी बापजन्मी ऐकला नव्हता. मला वाटलं, पोराला चाचणी चुकवायची आहे. मी म्हणालो, “दारं नंतर फाळ. आधी भूमिती सोडव.” सगळा वर्ग हसला. मुलगा खाली बसला. सोमवारी तो आला नाही आणि मी त्याच्या नावापुढे शून्य लिहून मोकळा झालो.

दोन दिवसांनी त्याची आजी शाळेत आली. साठीच्या आतबाहेरची, नऊवारी नेसलेली, गळ्यात मंगळसूत्र. शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी राहून तिनं विचारलं, “भूमितीचे मास्तर कोण?” मी उठलो. मला वाटलं, आता भांडण होणार. पण आजी भांडली नाही. खुर्चीवर बसली आणि म्हणाली, “मास्तर, शून्य दिलंत त्याचं काही नाही. पोरगं हुशार आहे, भरून काढील. पण तुम्ही हसलात आणि वर्ग हसला, ते त्याला लागलं. आम्ही रिबेकाबाईंच्या शाळेत शिकलो. आमच्या शाळेत ही रजा कुणाला मागावीच लागत नव्हती.”

‘मागावीच लागत नव्हती’ हे शब्द माझ्या मनात घर करून राहिले. नंतर मी त्या मुलाची चाचणी पुन्हा घेतली, वर्गासमोर माझी चूकही कबूल केली. पण ही रिबेकाबाईंची शाळा कोणती आणि हे ज्यू लोक आपल्यासारखी मराठी बोलतात ते कसे, हे समजून घेतल्याशिवाय चैन पडेना. पुढे जमेल तसं वाचत गेलो, माणसांना विचारत गेलो. त्यातलं काही आज तुमच्यापुढे ठेवतो.

बेने इस्राएल म्हणजे इस्राएलची लेकरं. त्यांची परंपरा सांगते की, फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी त्यांच्या पूर्वजांचं गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. त्या चौदा जणांपासून हा समाज वाढला, कुलाबा जिल्ह्यातल्या गावोगावी पसरला आणि तेल गाळण्याचा धंदा करू लागला. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, म्हणजे शब्बाथ. त्या दिवशी यांचा घाणा बंद. म्हणून गावकऱ्यांनी त्यांना नाव दिलं, ‘शनिवार तेली’. गावावरून आडनावं पडली. किहीमचे केहीमकर, पेणचे पेणकर, दिव्याचे दिवेकर, राजपूरचे राजपूरकर.

शेकडो वर्षं हे लोक जगातल्या इतर ज्यूंपासून तुटलेले होते. हिब्रू भाषा विसरली गेली. धर्मग्रंथ हाताशी नव्हते. उरलं काय, तर शनिवारची विश्रांती, मुलाची आठव्या दिवशी सुंता, खवले असलेलेच मासे खाण्याचा नियम आणि ‘शमा इस्राएल’ ही एक प्रार्थना. आणि सण उरले, पण त्यांना नावं मिळाली ती मराठी. वर्षारंभाचा तो नव्याचा सण. एक खिरीचा सण. एका उपासाला बिरड्याचा रोजा म्हणत, कारण तो वालाच्या बिरड्यावर सोडायचा. इजिप्तमधून सुटकेची आठवण म्हणून ज्यू लोक आठ दिवस आंबवलेलं काही खात नाहीत. त्याचं मूळ कारण कोकणात विस्मरणात गेलं, पण आंबवणाचं मडकं झाकून ठेवण्याची चाल राहिली. म्हणून त्या सणाचं नाव अनाशी डाकाचा सण.

आणि प्रायश्चित्ताचा मोठा दिवस, ज्याला जगभरचे ज्यू योम किप्पूर म्हणतात, तो दारफाळणीचा सण. त्या दिवशी दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे घालायचे, कडकडीत उपास करायचा, बाहेरच्या कुणाशी बोलायचंही नाही. वर्षभरात आपल्या हातून काय चुकलं, याचा हिशेब मनाशी मांडायचा. दुसऱ्या दिवशी दारं उघडायची. त्याला शिळा सण म्हणत. त्या दिवशी गोरगरिबांना दान द्यायचं आणि शेजारीपाजारी, आप्तेष्टांना भेटायला जायचं. मी ज्याची वर्गात टिंगल केली, तो सण हा असा होता.

अठराव्या शतकापासून ही माणसं कोकणातून मुंबईला येऊ लागली. काही लष्करात शिरली आणि सुभेदार-मेजरच्या हुद्द्यापर्यंत चढली. काही बांधकामात सुतार-गवंडी झाली, काही कचेऱ्यांत कारकून. सॅम्युएल इझिकेल दिवेकर या लष्करी अधिकाऱ्यानं १७९६ साली मुंबईत समाजाचं पहिलं प्रार्थनामंदिर बांधलं. समाजाच्या बोलीत तिला मशीद म्हणत. मशीद बंदर या स्टेशनाचं नाव तिच्यावरूनच पडलं असं सांगतात.

मुंबईत त्यांना शाळा भेटली ती मिशनऱ्यांची. अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनऱ्यांना या समाजात फार रस होता. बायबलातले लोक कोकणात सापडले म्हणून त्यांनी या मुलांसाठी शाळा काढल्या, जुना करार मराठीत दिला. विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाचं आहे, त्या जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. म्हणजे स्वतःची विसरलेली धर्मभाषा या समाजाला परत मिळाली, त्यात ख्रिस्ती पाद्र्यांचा मोठा वाटा होता. मुलं शिकली. पाद्र्यांना आशा होती की, ती शिकून ख्रिस्ती होतील. तसं फारसं घडलं नाही. शिकली आणि आपल्या धर्मात अधिक घट्ट झाली. पण आईबापांच्या मनात धाकधूक होतीच. मुलाला इंग्रजी तर यायला हवं, नाहीतर नोकरी नाही. आणि मुलानं शनिवार विसरता कामा नये, नाहीतर घर नाही. एकाच शाळेत दोन्ही मिळेल का?

हा प्रश्न ज्यांनी मनावर घेतला ते हाईम सॅम्युएल केहीमकर. जन्म १८३० चा. नोकरी सांभाळून समाजाचं काम करणारे गृहस्थ. १८५३ साली त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी समाजासाठी एक उपकारक मंडळी स्थापन केली, आणि १८७५ साली इस्राएली शाळा उघडली. पैसा समाजातून वर्गणीनं उभा केला. तो पुरेना, तेव्हा लंडनच्या अँग्लो-ज्यूईश असोसिएशन या संस्थेकडे हात पसरला आणि तिनं मदत केली. पुढे शाळेचं हायस्कूल झालं. याच केहीमकरांनी आपल्या समाजाचा मोठा इतिहास १८९७ साली लिहून पूर्ण केला. तो छापला जायला १९३७ साल उजाडलं, तोही तेल अवीवमध्ये. लेखक तोवर वारले होते. समाजासाठी झिजणाऱ्यांच्या वाट्याला बहुधा असंच येतं.

आता अशा शाळेत वेगळं काय असतं? जगात कुठंही ज्यू शाळा पाहिली, तर तिच्या वेळापत्रकाचे दोन भाग दिसतात. एक, गणित, भूगोल, भाषा, म्हणजे जे सगळीकडे असतं ते. दुसरा, हिब्रू आणि धर्मग्रंथ. आठवड्याची घडीही वेगळी. ज्यूंचा दिवस सूर्यास्तापासून सुरू होतो. म्हणून शुक्रवारी संध्याकाळच्या आत स्वयंपाक उरकून, दिवा लावून घर तयार असावं लागतं, आणि शनिवारी सुट्टी. मुंबईच्या शाळेत त्यात तिसरी गोष्ट मिसळली, ती म्हणजे मराठी. मूल उजवीकडून डावीकडे हिब्रू वाचायचं, डावीकडून उजवीकडे मराठी आणि इंग्रजी, आणि घरी जाऊन आजीशी कोकणी वळणाची मराठी बोलायचं. तीन भाषांची ओझी म्हणून कुणी रडल्याचं त्या आजीच्या बोलण्यात कधी आलं नाही. पाठीवरच्या दप्तरापेक्षा मनातली दप्तरं हलकी असावीत!

ज्यू परंपरेतल्या दोन गोष्टी शिक्षक म्हणून मला फार भावल्या. पहिली सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. जोशुआ बेन गामला नावाचे एक महायाजक होऊन गेले. तोवर ज्याला बाप आहे त्याला बाप शिकवी, पोरक्याला कोणी नाही. या गृहस्थांनी नियम केला की, गावोगाव शिक्षक नेमावेत आणि सहा-सात वर्षांच्या मुलांना त्यांच्याकडे बसवावं. तालमूद या ग्रंथात पुढचा हिशेबही आहे. पंचवीस मुलांमागे एक शिक्षक. चाळीस झाली तर मदतनीस द्यावा. पन्नास झाली तर दोन शिक्षक नेमावेत. मी साठ-साठ मुलांच्या वर्गावर खडू झिजवला आहे, तेव्हा हा नियम वाचून मी काय म्हणालो असेन ते सांगायला नको.

दुसरी गोष्ट प्रश्नाची. सुटकेच्या सणाला घरातली सगळी माणसं रात्री जेवायला बसतात, तेव्हा सुरुवात वडीलधारा करत नाही. घरातलं सगळ्यात लहान मूल प्रश्न विचारतं. आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का? मग मोठ्यांनी सारी कथा सांगायची. मूल विचारणार नाही, तर कथा पुढे जाणार नाही. आपल्याकडे मूल प्रश्न विचारू लागलं की, ‘गप्प बस’ म्हणण्याची रीत. मी स्वतः त्या मुलाला तेच केलं होतं. त्यानं तर विचारलंही नव्हतं, फक्त सांगितलं होतं.

आता आजीच्या रिबेकाबाई. त्यांचं पूर्ण नाव रिबेका रूबेन. जन्म १८८९ चा. पुण्याच्या हुजूरपागेच्या त्या विद्यार्थिनी. १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत त्या पहिल्या आल्या, आणि एखादी मुलगी पहिली येण्याची ती पहिलीच वेळ. पुढे त्या इंग्लंडला जाऊन शिकून आल्या. १९२२ साली इस्राएली शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या आणि १९५० पर्यंत, म्हणजे तब्बल अठ्ठावीस वर्षं, त्या खुर्चीवर राहिल्या. एवढी शिकलेली बाई कुठल्याही मोठ्या कॉलेजात गेली असती. तिनं समाजाची शाळा निवडली.

आजी त्यांच्याविषयी बोलायला लागली की तिचा आवाज बदलत असे. ती म्हणायची, “बाईंचा धाक होता, पण त्यांच्याकडे बघून कळायचं की बाईमाणूस काय होऊ शकतं.” समाजाच्या शाळेचा हा एक फायदा सहसा मोजला जात नाही. आपल्यासारख्याच आडनावाचं, आपल्यासारख्याच घरातून आलेलं माणूस मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर बसलेलं रोज दिसतं. मुलाला वेगळं व्याख्यान द्यावं लागत नाही.

रिबेकाबाईंच्याच काळात, १९३० च्या दशकात, शाळेला सर एली कदूरी यांची मोठी देणगी मिळाली आणि शाळेला त्यांचं नाव आलं. हे मूळ बगदादचे ज्यू. हाँगकाँग आणि शांघायमध्ये त्यांनी अमाप पैसा मिळवला आणि ठिकठिकाणी शाळांना दिला. यात एक बारीक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. मुंबईत बगदादकडून आलेल्या ज्यूंचाही एक श्रीमंत समाज होता. ससून घराणं त्यातलंच. त्यांच्यातले बरेचजण या मराठी ज्यूंना आपल्या बरोबरीचे मानत नसत. खुद्द बेने इस्राएलांतही ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद पाळला जाई. म्हणजे समाज लहान असला म्हणून त्याच्यात भिंती नसतात असं नाही. अशा वेळी एका बगदादी माणसानं या मराठी लेकरांच्या शाळेला देणगी द्यावी, याला पैशापलीकडचं मोल आहे.

इथं मला कोल्हापूर आठवतं. शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांचं बोर्डिंग काढलं, त्याच साली जैन बोर्डिंग निघालं. १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग, १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. एकामागून एक अशी कितीतरी. पुष्कळांनी तेव्हाही विचारलं आणि आजही विचारतात की, जातीजातीची वेगळी बोर्डिंगं काढून महाराजांनी भेद वाढवला नाही का? प्रश्न रास्त आहे. पण नीट पाहा. मुलं झोपायला आणि जेवायला वेगळी होती, शिकायला मात्र एकाच राजाराम हायस्कुलात आणि कॉलेजात जात होती. खेड्यातल्या पोराला शहरात शाळा होती, पण घर नव्हतं. महाराजांनी त्याला घर दिलं. मुंबईच्या ज्यू पोराला घर होतं, पण त्या घराला ओळखणारी शाळा नव्हती. केहीमकरांनी त्याला शाळा दिली. दोघांची वाट वेगळी असली तरी जाणलं एकच. मुलाचा एक पाय घट्ट टेकलेला असेल, तरच दुसरा पाय तो निर्धास्त पुढे टाकतो.

मी हे अनुभवानं सांगतो. बोर्डिंगात पहिल्या महिन्यात मी रोज रात्री रडत होतो. आमच्या भागातली, आमच्यासारखं बोलणारी दोन पोरं तिथं नसती, तर मी पळून गावी गेलो असतो आणि आज म्हशी राखत असतो. तिथं पाय रुजला, म्हणून कॉलेजात सगळ्या जातीधर्मांच्या मुलांत मिसळायला भीती वाटली नाही. पुढे सणाला आम्ही शेजारच्या बोर्डिंगात जेवायला जायचो आणि आमच्या सणाला ती पोरं आमच्याकडे यायची. अर्थात, सगळेच काही असे उघडत नाहीत. समाजाच्या छपराखाली आयुष्यभर बसून राहिलेली, दुसऱ्यांविषयी वाईटच ऐकत वाढलेली माणसंही मी पाहिली आहेत. दार लावायला शिकवलं आणि उघडायला शिकवलं नाही, तर समाजाची शाळा कोंडवाडा होते. म्हणूनच दारफाळणीच्या दुसऱ्या दिवशीचा तो शिळा सण मला फार महत्त्वाचा वाटतो.

माझगावच्या शाळेचं पुढे काय झालं? १९४८ साली इस्रायल देश झाला. त्या सुमारास भारतात बेने इस्राएल वीस हजारांच्या घरात होते. हळूहळू ते जाऊ लागले. इथं कुणी त्यांना छळलं म्हणून नव्हे. या भूमीत ज्यूंना छळ सोसावा लागला नाही, हे तिथं गेलेले लोकही अभिमानानं सांगतात. धर्माची ओढ होती आणि पोटाचीही. तिथं गेल्यावर मात्र १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मुख्य धर्मपीठानं यांच्या ज्यूपणाविषयीच शंका काढली आणि लग्नसंबंधात अडथळे आणले. तेव्हा या मराठी माणसांनी जेरुसलेममध्ये ठिय्या देऊन सत्याग्रह केला आणि १९६४ साली बरोबरीचा हक्क पदरात पाडून घेतला. सत्याग्रह कुठून शिकून गेले होते, हे वेगळं सांगायला नको. तिथं त्यांनी मराठीही सोडली नाही. ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक त्यांनी इस्रायलमध्ये चालवलं.

आज भारतात बेने इस्राएल उरले आहेत ते पाच हजारांच्या आसपास, बहुतेक मुंबई, ठाणे आणि कोकणात. जून २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. पण शाळेचे वर्ग त्याच्या कितीतरी आधी रिकामे होऊ लागले होते. माझ्या विद्यार्थ्याचं कुटुंबही सत्तरच्या दशकाच्या अखेरीला गेलं. जाताना आजी भेटायला आली होती. तिनं मलिद्याचा प्रसाद आणला होता, म्हणजे पोहे, गूळ, खोबरं आणि फळं. नवस फेडताना आणि शुभकार्यात एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाहूच्या नावानं हा मलिदा करतात. मी तिला विचारलं, “आजी, आता तुमच्या शाळेचं काय होणार?” ती म्हणाली, “शाळा कुणाच्या का पोरांनी भरेना, भरलेली असली म्हणजे झालं.”

आजीचं म्हणणं खरं ठरलं. समाज पांगला म्हणून शाळेला टाळं लागलं नाही. माझगाव-भायखळ्याच्या भोवतालच्या वस्तीतली मुलं तिथं शिकत राहिली, आणि आज त्यांत बहुसंख्य मुलं मुस्लिम आहेत. ज्यूंनी काढलेली, ज्यू दात्याचं नाव मिरवणारी शाळा, आणि बाकांवर मुसलमान मुलं. जगाच्या बातम्या ऐकून हे दोन शब्द एकत्र आले की आपल्या कपाळावर आठी पडते. माझगावात ते रोज सकाळी घंटेबरोबर एकत्र येतात आणि त्यात कुणाला बातमी दिसत नाही. ही एकटी शाळा नव्हे. कोलकात्यात १८८१ साली ज्यू मुलींसाठी काढलेली ज्यूईश गर्ल्स स्कूल ही शाळा आहे, तिथंही आज जवळजवळ सगळ्या मुली मुस्लिम आहेत.

कुणी म्हणेल, मग केहीमकरांचा हेतू फसला. मला तसं वाटत नाही. त्यांनी शाळा काढली ती धाकट्या समाजातल्या मुलाला कुणापुढे ओशाळं व्हावं लागू नये म्हणून. आज तिथं बसणारी मुलंही अशाच घरांतून येतात. त्यांनाही इंग्रजी हवं आहे, नोकरी हवी आहे, आणि आपल्या सणाची रजा मागताना मान खाली घालावी लागू नये असंही वाटतं. शाळेची मुलं बदलली, गरज तीच राहिली.

१९७५ नंतर मी कोल्हापुरात येऊन स्थिरावलो आणि निवृत्तीपर्यंत इथंच शिकवलं. दर जूनमध्ये नवा वर्ग हाती आला की मी पहिल्या तासाला एकच प्रश्न विचारत असे. “वर्षातल्या कोणत्या दिवशी तुम्ही शाळेत येऊच शकणार नाही?” कुणी मोहरमची कत्तलची रात्र सांगे, कुणी पर्युषणाचा शेवटचा दिवस, कुणी गुड फ्रायडे, कुणी आपल्या गावची जत्रा. हजेरीच्या कॅटलॉगच्या मागच्या पानावर मी ते लिहून ठेवत असे, आणि त्या दिवशी चाचणी ठेवत नसे. सुरुवातीला मुलं हसायची. मग एकमेकांच्या सणांची नावं पाठ व्हायची. एका वर्षी एक मुलगा मला म्हणाला, “सर, त्या तारखेला नको, रफिकचा रोजा सुटायचाय.” रफिक स्वतः काही बोलला नव्हता. त्याला मागावंच लागलं नाही.

जाता जाता एक गंमत सांगतो. आपला दसरा आश्विन शुद्ध दशमीला. ज्यूंचं पंचांगही चंद्रावर चालतं आणि त्यांची दारफाळणी येते ती त्यांच्या तिश्री महिन्याच्या दहा तारखेला. अधिक महिन्यांच्या घोळामुळे कधी महिनाभराचं अंतर पडतं, तसं ते १९७२ ला पडलं होतं. पण पुष्कळदा दोन्ही दिवस हातात हात घालून येतात. २०२४ साली १२ ऑक्टोबरला आणि २०२५ साली २ ऑक्टोबरला दसरा आणि दारफाळणी एकाच दिवशी होती. आम्ही दसरा चौकात सोनं लुटत होतो, तेव्हा मुंबईत आणि अलिबागकडे काही मराठी घरं दारं लावून, पांढऱ्या कपड्यांत, वर्षभराच्या चुकांचा हिशेब मांडत बसली होती. माझ्या हिशेबात अजून ते एक शून्य आहे. मी ते मुद्दाम पुसलेलं नाही.